दोन दूरच्या विमानतळांमधलं अंतर आणि प्रवासाचा वेळ स्वतः कसा काढायचा

‘न्यूयॉर्कला विमानानं किती तास लागतात?’ हा प्रश्न दिसायला एक आहे, पण त्याच्या पोटात तीन प्रश्न असतात. दोन विमानतळांमध्ये अंतर किती? विमान हवेत किती वेळ राहणार? आणि तिकिटावर छापलेल्या सुटण्या-पोचण्याच्या वेळांचा अर्थ काय? पहिल्यांदाच लांबचं तिकीट हातात आलं की बहुतेकांची इथेच गल्लत होते. लंडनहून सुटायची वेळ सकाळी १०, न्यूयॉर्कला पोचायची दुपारी १, म्हणजे तीन तासांचा प्रवास, असं धरून आईच्या इन्सुलिनच्या वेळा लिहून काढणारा एक मुलगा मला भेटला होता. प्रवास आठ तासांचा होता. तेव्हापासून कुणी विचारलं तर मी नुसता आकडा सांगत नाही, तो काढायचा कसा तेही सांगते. एकदा हात बसला की दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे.

कागद, पेन, फोनमधला सायंटिफिक कॅल्क्युलेटर (बऱ्याच फोनमध्ये तो फोन आडवा धरल्यावर उघडतो) आणि मिळाला तर एक पृथ्वीगोल, एवढं जवळ घ्या.

पायरी १: विमानतळ पक्का करा

शहराचं नाव पुरेसं नाही. लंडनला हीथ्रो आहे, गॅटविक आहे, स्टॅनस्टेड आहे. टोकियोचा हानेदा शहरालगत खाडीच्या काठावर आहे, तर नारिता शहरापासून सुमारे ६० किलोमीटर दूर. हजारो किलोमीटरच्या हिशेबात हे ६० किलोमीटर किरकोळ वाटतात, पण उतरल्यावर त्यात तासभर सहज जातो.

म्हणून तिकिटावरचा तीन अक्षरी कोड बघा. हीथ्रो म्हणजे एलएचआर, नारिता म्हणजे एनआरटी, हानेदा म्हणजे एचएनडी. एलओएन, टीवायओ, एनवायसी असे कोड दिसले तर ते अख्ख्या शहराचे असतात, एका विमानतळाचे नव्हेत. शोधताना ते सोयीचे, हिशेबाला निरुपयोगी. सारख्या नावांपासूनही जपा. ऑस्ट्रेलियातलं सिडनी एसवायडी आणि कॅनडातल्या नोव्हा स्कोशियामधलं सिडनी वायक्यूवाय. ऑस्ट्रेलियाला निघालेले प्रवासी या दुसऱ्या सिडनीत जाऊन उतरल्याच्या घटना खरोखर घडल्या आहेत.

पायरी २: सपाट नकाशा बाजूला ठेवा, दोरा घ्या

ही पायरी मला सगळ्यांत आवडते, आणि ती घाईनं उरकू नका असं माझं सांगणं आहे.

भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर बीजिंग आणि न्यूयॉर्क शोधा. दोन्ही शहरं साधारण ४० अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे जवळजवळ एकाच आडव्या रेषेत. नकाशा बघून कुणीही म्हणेल की विमान पॅसिफिक ओलांडून सरळ पूर्वेला जाणार. त्या आडव्या रेषेनं गेलं तर अंतर भरतं सुमारे १४,४०० किलोमीटर.

आता पृथ्वीगोल घ्या. दोऱ्याचं एक टोक बीजिंगवर अंगठ्यानं दाबा, दुसरं न्यूयॉर्कवर धरा आणि दोरा हळूहळू ताणा. सुरुवातीला तो पॅसिफिकवर सैल पडलेला असतो. ताण वाढला की तो आपसूक वर सरकायला लागतो. सायबेरिया, आर्क्टिक महासागर, मग कॅनडा, असं करत उत्तर ध्रुवाच्या जवळून जाऊन तो स्थिरावतो. आता याहून ताणला जात नाही. हा सगळ्यांत जवळचा मार्ग, आणि त्याची लांबी आहे सुमारे १०,९८० किलोमीटर. जवळजवळ ३,४०० किलोमीटर वाचले, आणि नकाशावर तोच मार्ग सरळ रेषेपेक्षा लांबचा वळसा वाटतो!

भूगोलाच्या पुस्तकात ज्याला बृहद्वृत्त म्हणतात, त्याचाच हा तुकडा: पृथ्वीचे बरोबर दोन समान भाग करणारं वर्तुळ. गेरार्डस मर्केटर यांनी १५६९ मध्ये काढलेला नकाशा जहाजांना दिशा धरून चालायला फार उपयोगी पडला, पण गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरताना ध्रुवांकडचा भाग त्यात ताणला जातो. शाळेत बघितलेले बरेचसे नकाशे त्याच घराण्यातले. त्यामुळे विमानातल्या पडद्यावर मार्ग कमानीसारखा वर गेलेला दिसला तर वैमानिक रस्ता सोडून चाललाय असं समजू नका. वाकलाय तो नकाशा, मार्ग नव्हे.

गोलावर अंतर मोजायचं असेल तर दोऱ्यावर खूण करून तो पट्टीवर ठेवा. ३० सेंटीमीटर व्यासाच्या गोलाचा घेर सुमारे ९४ सेंटीमीटर असतो आणि पृथ्वीचा सुमारे ४०,००० किलोमीटर. म्हणजे दोऱ्याचा एक सेंटीमीटर म्हणजे साधारण ४२५ किलोमीटर. बीजिंग-न्यूयॉर्कचा दोरा २६ सेंटीमीटरच्या आसपास भरेल. तुम्हीच गुणून बघा.

पायरी ३: आकडेमोड

दोऱ्यानं अंदाज येतो, नेमका आकडा हवा असेल तर गणित करायचं. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश लागतात. नकाशाच्या कुठल्याही ॲपमध्ये विमानतळावर बोट दाबून धरलं की ते दिसतात. उत्तर अक्षांश आणि पूर्व रेखांश अधिक, दक्षिण आणि पश्चिम उणे. सर्वांत जास्त चुका या उणे चिन्हातच होतात.

सूत्र असं:

कॉस (कोन) = साइन (पहिला अक्षांश) × साइन (दुसरा अक्षांश) + कॉस (पहिला अक्षांश) × कॉस (दुसरा अक्षांश) × कॉस (रेखांशांतला फरक)

हीथ्रो आणि न्यूयॉर्कचा जेएफके घेऊ. हीथ्रो ५१.४७ उत्तर, ०.४५ पश्चिम. जेएफके ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. रेखांशांतला फरक ७३.३३ अंश.

पहिला गुणाकार: ०.७८२३ × ०.६५१३ = ०.५०९५
दुसरा गुणाकार: ०.६२२९ × ०.७५८८ × ०.२८६९ = ०.१३५६
बेरीज: ०.६४५१

या बेरजेचा उलटा कॉस (कॅल्क्युलेटरवर cos⁻¹ असं बटण असतं) काढला की कोन येतो ४९.८३ अंश. पृथ्वीच्या केंद्रातून बघितलं तर हे दोन विमानतळ एकमेकांपासून एवढ्या कोनावर आहेत. एका अंशाला १११.१९ किलोमीटर, म्हणून अंतर ५,५४० किलोमीटर.

कॅल्क्युलेटर अंशांवर आहे ना, एवढं आधी बघून घ्या. रेडियनवर (कोन मोजायच्या दुसऱ्या एककावर) राहिला तर उत्तर भलतंच येतं. रेखांशांतला फरक १८० पेक्षा जास्त आला तरी घाबरू नका, कॉस घेतल्यावर तो आपोआप सुधारतो. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी असल्यामुळे या उत्तरात फार तर अर्ध्या टक्क्याचा फरक पडतो. आपल्या कामाला तेवढं चालतं.

उत्तर शहाणं आहे की नाही हे पडताळायला एक आकडा कायम लक्षात ठेवा: पृथ्वीवरची कुठलीही दोन ठिकाणं एकमेकांपासून साधारण २०,००० किलोमीटरपेक्षा जास्त दूर असूच शकत नाहीत. त्याहून मोठं उत्तर आलं तर हिशेबात कुठेतरी चूक झालीय.

आणि एकक बघा. विमानवाहतुकीत अंतर सागरी मैलांत मोजतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. जमिनीवरचा मैल १.६०९ किलोमीटरचा. कुठे नुसतं ‘२,९९० मैल’ असं दिसलं तर ते कुठले मैल हे तपासल्याशिवाय गुणाकार करू नका. सागरी मैलाची एक गंमत अशी की कोनाच्या एका अंशाला जवळजवळ ६० सागरी मैल येतात. वरच्या ४९.८३ ला ६० नं गुणा, तेच २,९९० मिळतात.

पायरी ४: विमान खरंच त्याच रेषेवरून जातं का?

जवळपास, पण अगदी त्याच रेषेवरून क्वचितच. उत्तर अटलांटिकवर तर त्या दिवशीचा वारा बघून रोज नवे मार्ग आखले जातात. दोन इंजिनांच्या विमानाला, एक इंजिन बंद पडलं तर ठरावीक मिनिटांत गाठता येईल असा विमानतळ जवळ ठेवून उडावं लागतं. काही देशांचं आकाश बंद असतं. म्हणून गणितानं आलेल्या अंतरात दोन ते पाच टक्के वाढवून धरावेत, असा माझा शिरस्ता आहे.

आकाश बंद असण्याचा फटका मात्र टक्क्यांत मावत नाही. हेलसिंकी ते टोकियो हे अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर. रशियावरून जाता येत होतं तेव्हा साडेनऊ तासांच्या आसपास लागायचे. २०२२ मध्ये ते आकाश युरोपीय विमानांना बंद झालं आणि हाच प्रवास तेरा तासांवर गेला. काही उड्डाणं थेट उत्तर ध्रुवावरून वळसा घेऊ लागली. दोन्ही विमानतळ आहेत तिथेच, अंतरही तेवढंच, तास साडेतीननं वाढले. जुन्या आठवणीवरून कुणी तास सांगत असेल तर म्हणून विचारावं, ‘तुम्ही कुठल्या साली गेला होतात?’

याच्या उलटही घडतं. एअर इंडियानं २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारं विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. मार्ग सुमारे १,४०० किलोमीटरनं लांबला, तरी विमान आधीपेक्षा लवकर पोचू लागलं. लांबचा रस्ता लवकर कसा संपतो, हे पुढच्या पायरीत.

पायरी ५: अंतरावरून वेळ

मोठी, लांब पल्ल्याची विमानं साधारण ११ किलोमीटर उंचीवर आवाजाच्या वेगाच्या ०.८५ पट वेगानं जातात. तिथल्या थंड हवेत हा वेग ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास येतो. छोटी विमानं ८३० च्या आसपास. सोपं पडावं म्हणून मघाचे वाढीव टक्के इथे सोडून देऊ. तर ५,५४० भागिले ९००, म्हणजे ६ तास ९ मिनिटं. चढताना आणि उतरताना वेग कमी असतो आणि धावपट्टीच्या दिशेसाठी वळावंही लागतं, म्हणून अर्धा तास मिळवा. वारा नसेल तर ६ तास ३९ मिनिटं.

पण वारा असतोच. विमानतळावर सरकता पट्टा असतो ना, त्यावर चालताना पायांचा वेग तोच, पण भिंती भराभर मागे जातात. उलट्या दिशेनं चाललात तर जागच्या जागी राहिल्यासारखं वाटतं. विमान हवेच्या पट्ट्यावर चालतं. मध्य अक्षांशांवर ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. हीच जेट स्ट्रीम. हिवाळ्यात तिचा जोर वाढतो.

समजा वाटभर सरासरी ताशी १०० किलोमीटरचा वारा आहे. न्यूयॉर्कहून लंडनला, म्हणजे पूर्वेला जाताना जमिनीच्या हिशेबानं वेग १,००० होतो: ५ तास ३२ मिनिटं. लंडनहून न्यूयॉर्कला येताना वेग ८०० उरतो: ६ तास ५५ मिनिटं. दोन्हींत अर्धा तास मिळवला की ६ तास २ मिनिटं आणि ७ तास २५ मिनिटं. पाठीच्या वाऱ्यानं ३७ मिनिटं वाचवली, तोंडावरच्या वाऱ्यानं ४६ खाल्ली. जाऊन-येऊन हिशेब फिटत नाही, कारण विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं. म्हणून ‘जाताना सात तास, म्हणजे येताना सात तास’ असं कधीही धरू नका.

वारा किती करू शकतो याचं एक टोक म्हणजे फेब्रुवारी २०२०. अटलांटिकवर वादळ होतं, आणि न्यूयॉर्कहून निघालेलं एक प्रवासी विमान ४ तास ५६ मिनिटांत लंडनला उतरलं. जमिनीच्या हिशेबानं त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. आवाजाचा वेग मात्र त्यानं ओलांडला नव्हता, कारण भोवतालची हवाच त्याच्याबरोबर धावत होती.

इथे एक गैरसमज हमखास ऐकू येतो: पृथ्वी पूर्वेला फिरते, म्हणून पश्चिमेला जाणाऱ्या विमानाकडे गाव आपणहून चालत येतं. तसं असतं तर पश्चिमेचा प्रवास लवकर संपला असता. पृथ्वीबरोबर हवाही फिरते आणि विमानही जमिनीवर उभं असल्यापासून त्याच वेगानं फिरत असतं. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम होतो तो वाऱ्यांच्या मार्गानं. विषुववृत्ताकडची उष्ण हवा आणि ध्रुवाकडची थंड हवा यांच्या तफावतीतून निघालेला वारा या फिरण्यामुळे वळतो आणि जेट स्ट्रीम पूर्वेकडे धावते.

पायरी ६: दारापासून दारापर्यंत

वर काढला तो हवेतला वेळ. वेळापत्रकात मात्र विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडे जागेवर थांबेपर्यंतचा वेळ धरतात. त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. धावपट्टीपर्यंत सरकत जाणं, रांगेत थांबणं, उतरल्यावर पुन्हा सरकत गेटपर्यंत येणं, शिवाय उशिरासाठी थोडी सूट. अर्धा ते पाऊण तास मिळवा. आपले ७ तास २५ मिनिटं इथे आठ तासांना येऊन मिळतात.

पायरी ७: तिकिटावरची वेळ वाचणं

तिकिटावर प्रत्येक वेळ त्या-त्या ठिकाणची असते. सुटण्याची सुटण्याच्या गावची, पोचण्याची पोचण्याच्या गावची. दोन्ही एकाच घड्याळावर आणल्याशिवाय वजाबाकी करायची नाही. ते घड्याळ म्हणजे यूटीसी, जगभरच्या वेळा जिच्यावरून मोजतात ती प्रमाणवेळ.

त्या मुलाचं तिकीट उन्हाळ्यातलं होतं. तेव्हा लंडन यूटीसीच्या १ तास पुढे आणि न्यूयॉर्क ४ तास मागे. लंडनचे सकाळचे १० म्हणजे यूटीसी ९. न्यूयॉर्कची दुपारची १ म्हणजे यूटीसी १७. सतरातून नऊ गेले, आठ तास. परतीचं विमान न्यूयॉर्कहून रात्री ८ ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी ८ ला लंडनला पोचणारं. दिसायला बारा तास. यूटीसीत मध्यरात्री १२ ते सकाळी ७, म्हणजे सात.

काही देश उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतात. या उन्हाळी वेळेची तारीख सगळीकडे एक नसते. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे जातं, ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी. मधल्या दिवसांत दोन्हींमधला फरक पाचाऐवजी चार तासांचा असतो. ऑक्टोबरअखेरीसही आठवडाभर तेच होतं. सगळे फरक पूर्ण तासांचे नसतात हेही ध्यानात असू द्या: भारत साडेपाच तास पुढे, नेपाळ पावणेसहा.

वेळेशेजारी बारीक अक्षरात +१ असेल तर पोचण्याची तारीख दुसऱ्या दिवशीची. आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडताना तर याहून चमत्कारिक दिसतं. टोकियोहून संध्याकाळी निघालेलं विमान सॅन फ्रान्सिस्कोला त्याच तारखेच्या सकाळी उतरतं. सामोआनं २०११ च्या अखेरीस ३० डिसेंबर हा दिवसच गाळून वाररेषेची बाजू बदलली. आता तिथून शेजारच्या अमेरिकन सामोआला जाणारं छोटं विमान अर्ध्या तासाच्या आसपास उडतं आणि प्रवासी आदल्या दिवशी उतरतात. घड्याळाचा काटा तोच, तारीख एक दिवस मागे. यूटीसीत लिहिलं तर अर्धा तासच निघतो.

मध्ये थांबा असेल तर

‘डायरेक्ट’ आणि ‘नॉनस्टॉप’ हे एकच नाहीत. डायरेक्टमध्ये फ्लाइट नंबर तोच राहतो, पण विमान मध्ये उतरू शकतं. तुमचं अंतर १६-१७ हजार किलोमीटर आलं तर बहुधा थांबा घ्यावाच लागेल. सिंगापूर ते न्यूयॉर्क हा सुमारे १५,३०० किलोमीटरचा, अठरा तासांहून जास्त वेळाचा मार्ग सर्वांत लांब नियमित नॉनस्टॉप मार्गांपैकी आहे. लंडन ते सिडनी न थांबता २०१९ मध्ये चाचणी म्हणून नेलेल्या विमानाला १९ तास १९ मिनिटं लागली होती.

थांबा असेल तेव्हा प्रत्येक टप्प्याचं अंतर वेगळं काढून बेरीज करा आणि ती सरळ अंतराशी ताडून बघा. बेरीज दीडपट निघाली तर तिकीट स्वस्त का आहे ते कळतं. एकूण वेळ मात्र टप्प्यांच्या बेरजेतून काढू नका. पहिल्या सुटण्यापासून शेवटच्या पोचण्यापर्यंत यूटीसीत एकच वजाबाकी करा, म्हणजे मधला मुक्काम आपोआप मोजला जातो.

त्या मुलाबरोबर बसून मी हेच केलं. कागदावर दोन रकाने पाडले, एकात लंडनचं घड्याळ, दुसऱ्यात न्यूयॉर्कचं, आणि दर तासाला एक ओळ. डोस कधी, किती आणि जेवणाचं काय, हे त्या कागदावर डॉक्टरांनी लिहिलं. त्यांना हवा होता तो फक्त एवढाच आकडा, खरे तास किती. आईनं मनगटावरचं घड्याळ वाटभर लंडनच्याच वेळेवर ठेवलं आणि तो कागद पासपोर्टमध्ये घडी घालून नेला.